रॅकवर एक भाव, बिलात दुसरा: ग्राहकाचा हक्क नेमका काय?

किराणायादी

सुपरमार्केटात रॅकच्या टॅगवर एक भाव आणि बिलात दुसरा, यावर कायदा नक्की काय म्हणतो ते एका जागी जमा करू या. चर्चा हवेत राहू नये म्हणून उदाहरण ठेवते.

एक लिटर तेलाची पिशवी. छापील एमआरपी १९० रुपये. रॅकवरच्या टॅगवर १५२. बिलात लागले १६८. काउंटरवर विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, "एमआरपीपेक्षा कमीच लावलंय की." बहुतेक जण तिथे गप्प होतात, कारण आपल्याला लहानपणापासून एकच हक्क पाठ आहे: छापील किमतीपेक्षा जास्त द्यायचे नाहीत.

प्रश्न असे:
१. दुकानाने १५२ लाच द्यायला हवं, अशी सक्ती आहे का?
२. पैसे भरून घरी आल्यावर लक्षात आलं तर काय?
३. १६ रुपयांसाठी दाद कुठे मागायची?

किस्से नकोत, नेमकी माहिती हवी. कोणत्या साखळी दुकानात घडलं तेही नको. धागा दुकानांवरच्या रागाचा होऊन बसतो.

---

तागडी_आणि_मापं

पहिली गाठ सोडवतो. एमआरपीचा कायदा वेगळा आणि टॅगचा वेगळा.

एमआरपी येते वैध मापन शास्त्र अधिनियम, २००९ आणि त्याखालच्या आवेष्टित वस्तू नियम, २०११ मधून. नियम १८(२) सांगतो की बंद पाकिटातली वस्तू छापील किरकोळ किमतीपेक्षा जास्त दराने विकायची नाही. ही किंमत सर्व करांसह असते, म्हणजे वर पुन्हा जीएसटी लावता येत नाही. छापील किंमत खोडणं, पुसणं, बदलणं यालाही मनाई आहे. किंमत कमी करायची असेल तर कमी किमतीचं स्टिकर लावता येतं, पण त्याने मूळ छपाई झाकता कामा नये.

तुमच्या उदाहरणात १६८ हे १९० च्या आतच आहेत. त्यामुळे आपण ज्याला वजनमापे खातं म्हणतो त्याच्या निरीक्षकाकडे गेलात तर एमआरपीचा भंग झालेला नाही असंच उत्तर मिळेल, आणि त्यात त्याची टाळाटाळ नाही. तरीही काउंटरवरचं ते उत्तर अपुरं आहे. एमआरपी ही कमाल मर्यादा. त्या मर्यादेच्या आत दुकानाने स्वतः लिहून लावलेला भाव हा दुकानाचा शब्द आहे, आणि त्याचा हिशेब ग्राहक संरक्षण कायद्यात होतो.

---

कलमवाचक

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. आता तीन प्रश्नांपैकी पहिला.

टॅगवरच्या भावाने विकायलाच हवं अशी थेट सक्ती आपल्याकडे नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या चौकटीत रॅकवर मांडलेला माल म्हणजे 'या, विचारा' असं निमंत्रण. ग्राहक माल काउंटरवर ठेवतो तेव्हा तो प्रस्ताव देतो, आणि कॅशियर तो स्वीकारतो किंवा नाकारतो. ही मांडणी १९५३ च्या एका इंग्लिश निकालातून आली. एजवेअरमधल्या औषधांच्या स्वयंसेवा दुकानाचं ते प्रकरण आपल्याकडे कायद्याच्या पहिल्या वर्षाला शिकवतात.

म्हणून काउंटरवर दुकानदार म्हणू शकतो, "टॅग चुकलाय, १६८ पडतील, हवं तर घ्या." तेव्हा तुम्ही पिशवी बाजूला ठेवू शकता. पण न सांगता १६८ लावणं ही वेगळी गोष्ट आहे. तुम्ही १५२ वाचून माल उचलला, त्याच समजुतीवर पैसे दिले. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(६) मध्ये 'तक्रार' कशाला म्हणायचं ते दिलंय. त्यात कायद्याने ठरवलेल्या, वस्तूवर किंवा वेष्टनावर दाखवलेल्या, कायद्यानुसार लावलेल्या दरपत्रकातल्या, किंवा दोन्ही पक्षांत ठरलेल्या किमतीपेक्षा जास्त आकारणं येतं.

---

भावफलक

@कलमवाचक, मग रॅकचा टॅग म्हणजे दरपत्रकच ना? सरळ तिसऱ्या प्रकारात बसतो. उगाच निमंत्रण आणि प्रस्ताव कशाला?

---

कलमवाचक

नाही बसत. तिथले शब्द 'कायद्यानुसार लावलेलं दरपत्रक' असे आहेत. रॅकचा टॅग दुकान स्वतःच्या सोयीने लावतं. समोरचा वकील नेमकं याच शब्दावर बोट ठेवेल.

दोन वाटा जास्त भक्कम आहेत. एक, 'दोन्ही पक्षांत ठरलेली किंमत': लेखी भाव पाहून उचललेला माल, आणि भाव बदलल्याचं कुणी सांगितलेलं नाही. दुसरी, कलम २(४७) मधली अनुचित व्यापारी प्रथा. किमतीबाबत लोकांची दिशाभूल करणं, आणि ज्या सवलतीच्या दराने विकायचा इरादा नाही त्या दराची जाहिरात करणं, दोन्ही त्यात आहे. 'जाहिरात' या शब्दाची व्याख्या कलम २(१) मध्ये पाहा. त्यात सूचना, लेबल, वेष्टन, बीजक हे सगळं येतं. त्यामुळे टॅगला जाहिरात म्हणणं मला दरपत्रकापेक्षा कितीतरी सुरक्षित वाटतं.

एक स्पष्ट सांगतो. एकच चूक, विचारल्यावर लगेच परत केलेले १६ रुपये, यातून 'प्रथा' सिद्ध करणं अवघड. तोच टॅग चार दिवसांनी तसाच असेल तर गोष्ट बदलते.

---

भावफलक

पटलं. जाहिरातीची व्याख्या लक्षात आली नव्हती.

---

बारकोडवाला

फरक का पडतो ते कळलं तर तो काउंटरवर लगेच पकडता येतो, म्हणून मोठा प्रतिसाद.

काउंटरचं यंत्र टॅग वाचत नाही. ते बारकोड वाचतं आणि किमतीच्या मास्टरमधून, म्हणजे दुकानाच्या संगणकातल्या दरयादीतून, भाव उचलतं. नवे भाव मुख्य कार्यालयातून बहुधा रात्री उतरतात. टॅग मात्र माणसाने छापून, जुना काढून, योग्य खोबणीत सरकवायचा असतो. योजना मध्यरात्री संपली तर यंत्राला रात्री बाराला कळतं, आणि टॅग सकाळी कुणी हात लावेपर्यंत तिथेच. म्हणून योजना संपल्यानंतरची सकाळ ही सगळ्यात जास्त फरकाची वेळ. शनिवार-रविवारची योजना असेल तर सोमवारी दुपारपर्यंत टॅग तपासूनच माल उचला.

दुसरं कारण खास आपल्याकडचं. एकाच बारकोडवर दोन-तीन एमआरपीचा साठा असतो. जुन्या छपाईची पिशवी १९० ची, नवी १९८ ची, बारकोड तोच. स्कॅन केल्यावर यंत्र कॅशियरला यादी दाखवतं की यातली कोणती एमआरपी? गर्दीत चुकीची ओळ निवडली की सवलतही चुकीच्या ओळीची लागते. बिलात 'एमआरपी' रकाना असेल तर तो हातातल्या पाकिटाशी जुळवा. तो जुळला नाही तर चूक ओळ निवडण्यात आहे आणि मिनिटात दुरुस्त होते. एमआरपी जुळली आणि दर वेगळा, तर चूक टॅगमध्ये किंवा मास्टरमध्ये.

तिसरं, टॅग खरा पण दुसऱ्याच वस्तूचा. ४०० ग्रॅमच्या बिस्किटांसमोर ५०० ग्रॅमचा टॅग, साध्या चहासमोर इलायची चहाचा. टॅगवर खाली बारीक अक्षरात वस्तूचा क्रमांक किंवा बारकोडचे आकडे असतात. शेवटचे चार-पाच आकडे पाकिटाशी जुळले तर टॅग त्याच वस्तूचा. हे दोन सेकंदांचं काम आहे, आणि वाद झाला तर तुमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा हाच.

चौथं, अट पूर्ण झालेली नसते. 'दोनवर एक मोफत' असेल तर तिन्ही नग एकाच बिलात स्कॅन व्हावे लागतात. सामान दोन बिलांत वाटलं की योजना गेली. 'सभासद दर' असेल तर मोबाइल नंबर आधी द्यावा लागतो. '१५०० च्या खरेदीवर' अशा योजनेत साखर-तेल बऱ्याचदा मोजत नाहीत. ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

---

सुगरण_सांगली

दोन बिलांचा मुद्दा फार महत्त्वाचा. शेजारणीचं सामान वेगळं करायच्या नादात योजना जाते आणि मग कॅशियरशी उगाच वाद.

---

ओळखपाळख

बिल वाचताना अजून एक. काही ठिकाणी वस्तूच्या ओळीत पूर्ण दर दिसतो आणि सवलत खाली वजा ओळीत किंवा अगदी शेवटी एकत्र येते. वरचा आकडा बघून भांडायला जाऊ नये. उलट, 'आज तुमची बचत इतकी' ही ओळ एमआरपीपासून मोजलेली असते. टॅगपेक्षा १६ रुपये जास्त घेतले तरी तिथे २२ रुपयांची बचत छापून येईल. त्या ओळीचा पडताळणीला काही उपयोग नाही.

---

उसगावकर

मिशिगन राज्यात यासाठी स्वतंत्र कायदा आहे, २०११ चा. रॅकवर दाखवलेल्या भावापेक्षा स्कॅनरने जास्त लावले तर पावतीसह ३० दिवसांत दुकानाला कळवायचं. दुकानाने दोन दिवसांत फरक आणि त्याच्या दहापट रक्कम द्यायची. ही वरची रक्कम किमान १ डॉलर, कमाल ५ डॉलर. नाही दिली तर ग्राहक न्यायालयात प्रत्यक्ष नुकसान किंवा २५० डॉलर, यातलं जे जास्त ते मागू शकतो. छोट्या फरकासाठीही बोलायला लोकांना कारण मिळतं, हे मला या कायद्याचं मर्म वाटतं.

---

ब्रिस्बेनकर

ऑस्ट्रेलियात ग्राहक कायद्याचं कलम ४७: एकाच वस्तूवर दोन किमती दिसत असतील तर कमी किमतीला विका, नाहीतर किंमत दुरुस्त होईपर्यंत वस्तू विक्रीतून काढा. त्याशिवाय मोठ्या सुपरमार्केटांची एक स्वेच्छा संहिता आहे. स्कॅनिंगमध्ये जास्त भाव लागला तर पहिला नग फुकट, पुढचे कमी भावाने. पण मागावं लागतं, आपोआप मिळत नाही.

---

पिशवीवाला

कॅरीबॅगचं पण बघा कुणीतरी. टॅग नाही, भाव नाही, बिलात थेट १० रुपये!

---

कलमवाचक

@पिशवीवाला, हा मुद्दा धाग्याला धरूनच आहे. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये एका साखळी दुकानाच्या प्रकरणात सांगितलं की माल निवडण्याआधी पिशवीची किंमत आणि तपशील न सांगता थेट बिलिंगच्या वेळी पैसे लावणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. जोर 'आधी सांगितलं का' यावर आहे. प्रवेशाशीच ठळक फलक असेल तर मुद्दा बराच कमकुवत होतो. किंमत निवडीच्या वेळी कळली पाहिजे, हे तत्त्व टॅगच्या वादातही मांडता येतं.

---

जुनी_एमआरपी

२२ सप्टेंबर २०२५ ला साबण, शांपू, टूथपेस्टवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला, तूप-लोण्यावरचा १२ वरून ५ वर. तेव्हा पाकिटावर जुनी किंमत आणि बिलात कमी, असा उलटा फरक दिसायचा. काही ठिकाणी पाकीट जुनं, टॅग नवा आणि मास्टर पुन्हा जुना, असे तीन आकडे. जुन्या पाकिटावर जुनीच किंमत दिसते म्हणून जास्त घेतलं तर?

---

तागडी_आणि_मापं

जुन्या साठ्यावर नवं स्टिकर लावणं सक्तीचं ठेवलं नव्हतं, कंपन्यांनी नवी दरयादी विक्रेत्यांना पाठवायची होती. त्यामुळे पाकिटावरची छपाई हा दोन्ही बाजूंनी अपुरा पुरावा. अशा वेळी बिलाच्या तळाशी कराचा तक्ता पाहा. साबणासमोर ५ टक्के लिहून घेतलेली किंमत मात्र जुनीच असेल, तर कपातीचा लाभ कुठे गेला हे विचारायला जागा आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर जीएसटीसाठी वेगळा विभाग केला होता.

---

मोजून_मापून

सुट्ट्या मालाचं कुणी बोललं नाही. भाजी, डाळ, काजू तोलून जे लेबल चिकटवतात त्याचा बारकोड २ या आकड्याने सुरू होतो. तो दुकानातला अंतर्गत कोड: मधे वस्तूचा क्रमांक, मग वजन किंवा किंमत, शेवटी पडताळणीचा आकडा. इथे भाव काट्यावरच ठरतो. तोलणाऱ्याने देशी टोमॅटोऐवजी दुसऱ्याचा क्रमांक दाबला तर काउंटरवर तोच भाव येणार. म्हणून तिथेच लेबलावरचं नाव, किलोचा दर आणि निव्वळ वजन वाचा. काजूसारख्या महाग मालात डब्याचं वजन वजा झालंय का हे विचाराच. डबा २५ ग्रॅमचा आणि काजू १००० रुपये किलो असतील तर २५ रुपये नुसत्या प्लास्टिकचे गेले.

इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी पडताळणी लागते आणि प्रमाणपत्र दिसेल असं लावलेलं असावं. इथे मात्र वजनमापे खात्याकडेच जायचं.

---

किराणायादी

सगळ्यांचे आभार, 'एमआरपीच्या आत' या उत्तराला आता काय म्हणायचं ते कळलं. दुसरा प्रश्न अजून उभा आहे. घरी आल्यावर लक्षात आलं तर? रॅकवर फोटो काढायला दुकानवाले हरकत घेतात तेही सांगा.

---

कलमवाचक

किमतीच्या टॅगचा फोटो काढू नये असा कायदा माझ्या वाचनात नाही. दुकान आपल्या आवारात नियम घालू शकतं, म्हणून माणसं टाळून फक्त टॅग, पाकीट आणि शक्य असेल तर दोन्ही बाजूंच्या वस्तू दिसतील एवढाच फोटो घ्या. फोनमधली वेळ आपोआप नोंदली जाते. मूळ फोटो ठेवा. पुढे पाठवलेल्या प्रतीत ती माहिती बऱ्याचदा निघून जाते.

पैसे भरण्याआधी लक्षात आलं तर बिल थांबवा, ती वस्तू बाजूला काढायला सांगा. पर्यवेक्षकाच्या मंजुरीशिवाय कॅशियरला ओळ रद्द करता येत नाही, त्यामुळे त्याच्यावर चिडण्यात अर्थ नाही.

घरी आल्यावर लक्षात आलं तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी जा, टॅग जागेवर असेपर्यंत. आधी रॅकशी जाऊन फोटो, मग ग्राहक सेवा काउंटर. मागायच्या गोष्टी दोन: फरकाची रक्कम आणि टॅगची दुरुस्ती. जास्त घेतलेले पैसे परत मागत असाल तर क्रेडिट नोट (पुढच्या खरेदीत वळती करायची चिठ्ठी) स्वीकारण्याची गरज नाही, ज्या मार्गाने दिले त्याच मार्गाने मागा. बिलच दिलं नाही तर तीही कलम २(४७) खाली अनुचित प्रथा आहे.

---

बारकोडवाला

यात भर. फरक देताना बऱ्याच प्रणालींत ती ओळ आधी परत घ्यावी लागते आणि नव्या भावाने पुन्हा बिल होतं. म्हणून दुसरं बिल हातात घेतल्याशिवाय निघू नका. पाकीट न फोडता सोबत नेलं तर हे पटकन होतं. आणि थर्मल कागदावरची छपाई काही महिन्यांत उडते, म्हणून दोन्ही बिलांचा फोटो त्याच दिवशी.

---

भावफलक

तिसऱ्या प्रश्नाचं? १६ रुपयांसाठी आयोगात कोण जाणार!

---

कलमवाचक

जायची वेळ बहुधा येत नाही, पण दार उघडं आहे. आधी दुकानाच्या ग्राहक सेवा पत्त्यावर लेखी ईमेल. उत्तर नाही आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, मराठीत बोलता येतं. ती खटल्याआधीची पायरी आहे, आदेश देत नाही, पण कंपनीच्या मुख्य कार्यालयापर्यंत तक्रार जाते आणि क्रमांक मिळतो.

त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या मूल्याला शुल्क नाही, मुदत २ वर्षं. तुम्ही राहता किंवा नोकरी-धंदा करता त्या जिल्ह्यात दाखल करता येते, दुकान दुसऱ्या शहरात असलं तरी. ऑनलाइन दाखल करायला ई-जागृती पोर्टल आहे.

बऱ्याच जणांना माहीत नसलेली वाट कलम १७ ची. अनेक ग्राहकांचं नुकसान होत असेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे लेखी तक्रार देता येते. तिथे तुमचे १६ रुपये हा मुद्दाच राहत नाही. दररोज शेकडो पिशव्या त्याच टॅगखालून जातात, हा मुद्दा होतो. वेगवेगळ्या दिवशीचे तीन-चार फोटो आणि बिलं असतील तर हीच वाट योग्य.

---

किराणायादी

ईमेलचा मसुदा करून पाहिला:

"दिनांक ..., बिल क्रमांक ..., काउंटर क्रमांक ... खाद्यतेल १ लिटर, २ नग. रॅकवरील टॅगवरील दर १५२ रुपये (फोटो सोबत, वेळ ...). बिलात आकारलेला दर १६८ रुपये. टॅगवरील आणि पिशवीवरील बारकोडचे शेवटचे पाच आकडे एकच आहेत. जादा घेतलेले ३२ रुपये परत करावेत आणि टॅग दुरुस्त केल्याचे लेखी कळवावे. ही ग्राहकांची जाणूनबुजून केलेली फसवणूक आहे."

---

कलमवाचक

शेवटचं वाक्य काढा. 'जाणूनबुजून' हे तुम्हाला सिद्ध करावं लागेल आणि समोरचा तेवढ्यावरच उत्तर देईल. त्याजागी मुदत घाला. बाकी मसुदा उत्तम, बारकोडची ओळ तर खासच.

---

किराणायादी

काढलं. शेवटची ओळ आता अशी: "या पत्राचे उत्तर सात दिवसांत न मिळाल्यास १९१५ वर तक्रार नोंदवली जाईल."